यंत्राची किंमत आणि नावाची पत

दिवाळीच्या लक्ष्मीपूजनाला व्यापाऱ्याच्या पेढीवर आजही नवी वही मांडली जाते. पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक रेखले जाते, शुभ-लाभ लिहिले जाते. अलीकडे त्या वहीशेजारी लॅपटॉपही ठेवला जातो आणि त्याच्या झाकणावरही कुंकवाचे बोट उमटते. हे योग्यच आहे, कारण पेढीचा जमाखर्च आता त्याच्याच पोटात असतो. दोघांत फरक इतकाच, की वही कधी बंद पडत नव्हती. लॅपटॉप एखाद्या सकाळी उघडतच नाही, आणि त्या सकाळी व्यापाऱ्याला कळते की आपण यंत्र विकत घेतले होते, पण त्याच्यामागे कोण उभे आहे याची चौकशी केली नव्हती.

समजा, खामगावातील एक अडत दुकान आहे. नोव्हेंबरची अठरा तारीख. सोयाबीनची आवक जोरात आहे, कापसाच्या गाड्या येऊ लागल्या आहेत, आणि वस्तू व सेवा कराचे ३-बी विवरण वीस तारखेच्या आत भरायचे आहे. विलंब झाला तर दिवसाला पन्नास रुपये शुल्क, शिवाय थकीत करावर वार्षिक अठरा टक्के व्याज. अशा वेळी दुकानाचा लॅपटॉप सुरू होत नाही. पडदा काळाच राहतो.

“ज्याच्याकडून घेतला त्याला फोन लाव,” गादीवर बसलेले वडील म्हणतात.

“लावला, बाबूजी. ते म्हणतात, आमचा संबंध बिलापुरता. बिघाडाचे कंपनीला विचारा.”

“मग कंपनीचा माणूस कुठे बसतो?”

या प्रश्नाचे उत्तर मुलाजवळ नसते. लॅपटॉप घेताना त्याने प्रोसेसर कोणता, स्मृती किती, सवलत किती, बॅग मोफत मिळेल का, हे सारे विचारलेले असते. कंपनीचा माणूस कुठे बसतो, हे तेवढे विचारायचे राहून गेलेले असते.

व्यापारी समाजाला पत या शब्दाचा अर्थ शिकवावा लागत नाही. परगावच्या नव्या गिऱ्हाइकाला चार पोती माल उधार द्यायचा असला, तरी पेढीवरचा मुनीम दहा ठिकाणी विचारपूस करतो. याचे नाव कसे आहे, अडचणीच्या वर्षी याने देणे बुडवले का, बोलावले की येतो का. माणूस सुगीत कसा वागतो यावरून त्याची पत ठरत नाही, तंगीत कसा वागतो यावरून ठरते. लॅपटॉपच्या नाममुद्रेलाही हीच कसोटी लावायला हवी. दुकानातील काचेच्या कपाटात सगळेच लॅपटॉप चांगले दिसतात. नावाची पत कळते ती बिघाडाच्या दिवशी.

ही कसोटी अधिक महत्त्वाची ठरण्याचे आणखी एक कारण आहे. जगातील बहुसंख्य लॅपटॉप ज्या कंपनीच्या नावाने विकले जातात, त्या कंपनीच्या कारखान्यात बनतातच असे नाही. क्वांटा, कॉम्पल, विस्ट्रॉन या मूळच्या तैवानी कंपन्या वर्षानुवर्षे डेल, एचपी यांसारख्या नामांकित कंपन्यांसाठी लॅपटॉप बनवत आल्या आहेत. आतील प्रोसेसर बहुधा इंटेलचा किंवा एएमडीचा, आणि स्मृती, पडदा, बॅटरी यांचे पुरवठादारही मोजकेच. ऑगस्ट २००६ मध्ये डेलने सुमारे ४१ लाख बॅटऱ्या पेट घेण्याच्या धोक्यामुळे परत मागवल्या आणि त्याच महिन्यात ॲपलनेही सुमारे १८ लाख बॅटऱ्या परत बोलावल्या, तेव्हा ग्राहकांना समजले की दोन्ही नावांच्या आत सोनीचेच सेल होते. यंत्रांची आतडी अशी एकमेकांच्या नात्यातली असतात. म्हणून रचना आणि तपासणी यांच्या जोडीला एका नावाचा दुसऱ्या नावापासून खरा फरक पडतो, तो विक्रीनंतरच्या सेवेत.

नावेही कायमची नसतात. बुलढाणा जिल्ह्याला लागून असलेल्या जळगाव जिल्ह्यात अमळनेर येथे १९४५ साली वनस्पती तेलाच्या गिरणीने विप्रोची सुरुवात झाली. याच कंपनीने पुढे संगणक बनवले, देशभर विकले, आणि २०१३ साली स्वतःच्या नावाचे संगणक बनवणे थांबवले. एचसीएलनेही त्याच सुमारास हा उद्योग सोडला. आयबीएमने थिंकपॅडसह आपला वैयक्तिक संगणकांचा व्यवसाय २००५ साली लेनोवोकडे दिला. सोनीने २०१४ साली वायो विकला. १९८५ सालीच लॅपटॉप बाजारात आणणारी तोशिबा २०२० साली या व्यवसायातून पूर्णपणे बाहेर पडली. यांतील एकही कंपनी लहान नव्हती. यंत्र पाच-सात वर्षे वापरायचे असेल, तर ती कंपनी हा धंदा मनापासून करते आहे की निरोपाच्या तयारीत आहे, हे पाहणे म्हणजे अविश्वास नव्हे. ती व्यवहारातील सावधगिरी आहे. आज्ञावलीलाही हाच नियम लागू पडतो. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, आणि धडधाकट चालणारी असंख्य यंत्रे एका दिवसात जुनी झाली.

आता अंतराचा प्रश्न. सेवेचे जवळ असणे म्हणजे काय, हे खामगावइतके कोणाला ठाऊक असेल? १८७० साली जलंब ते खामगाव ही सुमारे तेरा किलोमीटरची रेल्वेची शाखा केवळ या गावच्या कापसासाठी टाकली गेली. मुख्य लोहमार्ग जवळून जात होता, पण जवळून जाणे आणि दारात येणे यांत बाजारपेठेचे भाग्य दडलेले असते. लॅपटॉपच्या सेवेचेही तसेच आहे. ‘देशभर सेवा’ असे खोक्यावर छापलेले असते; ती सेवा अकोल्यापर्यंत येते, जळगावपर्यंत येते, की मेहकर-लोणारच्या दुकानात येते, हे खोक्यावर लिहिलेले नसते.

म्हणून वॉरंटीचा केवळ काळ पाहू नये, प्रकार पाहावा. एका प्रकारात कंपनीचा तंत्रज्ञ ग्राहकाच्या जागेवर येतो. दुसऱ्या प्रकारात ग्राहकाने यंत्र सेवा केंद्रात नेऊन द्यायचे असते. तिसऱ्यात ते कुरिअरने पाठवायचे असते. तिन्ही ‘एक वर्षाची वॉरंटी’ या एकाच शब्दांत विकल्या जातात. घाटाखालील मलकापूर-नांदुऱ्याच्या किंवा घाटावरील चिखली-देऊळगाव राजाच्या व्यापाऱ्याला या तीन प्रकारांतील अंतर म्हणजे दुकान बंद ठेवण्याचे दिवस. खरेदीपूर्वी कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा दूरध्वनीवर आपल्या गावचा पिनकोड सांगून विचारावे, की या क्रमांकावर तंत्रज्ञ येतो का आणि किती दिवसांत येतो. उत्तर लेखी, निदान ई-मेलवर, मागावे. दुकानदाराच्या तोंडी आश्वासनाला काटापट्टीशिवाय केलेल्या वजनाइतकीच किंमत असते.

बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या दोन शाखा असतात, एक घरगुती आणि एक व्यावसायिक. लेनोवोचा आयडियापॅड वेगळा, थिंकपॅड वेगळा. एचपीचा पॅव्हिलियन वेगळा, प्रोबुक वेगळा. डेलचा इन्स्पिरॉन वेगळा, लॅटिट्यूड वेगळा. डेलने २०२५ पासून आपली ही जुनी नावे बदलायला घेतली आहेत, मात्र व्यावसायिक यंत्रांचा वेगळा वर्ग ठेवला आहे. व्यावसायिक यंत्र काहीसे महाग पडते, दिसायलाही साधे असते; पण त्याला जागेवरील सेवेचा करार मिळणे अधिक सुलभ असते आणि त्याचे सुटे भाग सहसा दीर्घकाळ उपलब्ध राहतात. या तिन्ही कंपन्या आपल्या अनेक यंत्रांची दुरुस्ती-पुस्तिका संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली ठेवतात. तरुण मुलाने ती खरेदीपूर्वी चाळावी. स्मृती व साठवणीचा भाग बदलता येण्याजोगा आहे की मुख्य पटलावर कायमचा जोडलेला आहे, हे तिथे दिसते. कायम जोडलेला भाग बिघडला, तर भाग बदलत नाहीत, पटल बदलावे लागते.

वॉरंटी कशाला लागू नाही, हेही वाचून ठेवावे. पाणी वा चहा सांडणे, यंत्र पडणे, विजेच्या झटक्याने जळणे हे सहसा तिच्याबाहेर असते. त्यासाठी अपघाती नुकसानीचे वेगळे संरक्षण घ्यावे लागते. यंत्राची वॉरंटी तीन वर्षांची असली, तरी बॅटरीची बहुधा एकाच वर्षाची असते. बहुतेक लॅपटॉप पस्तीस अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात चालवण्यासाठी सांगितलेले असतात. विदर्भाचा उन्हाळा तो आकडा मार्चमध्येच ओलांडतो. जिनिंगच्या आवारात रुईचे तंतू पंख्यात अडकतात आणि यंत्र आतून तापते. वर्षातून एकदा जाणकाराकडून साफसफाई आणि विजेसाठी चांगला स्टॅबिलायझर किंवा यूपीएस, हा खर्च नव्हे, विम्याचा हप्ता समजावा.

सर्वांत मोलाची गोष्ट मात्र कोणत्याच वॉरंटीत नसते. ती म्हणजे आतील हिशोब. कंपनी भाग बदलून देते, नोंदी परत देत नाही. टॅलीची प्रत रोज संध्याकाळी पेनड्राइव्हवर घेऊन तो पेनड्राइव्ह गल्ल्याच्या किल्लीबरोबर घरी नेण्याची सवय ज्या दुकानात आहे, तिथे यंत्र बंद पडणे ही अडचण असते. जिथे नाही, तिथे ते संकट असते. आणखी एक बारकावा अनेकांना उशिरा कळतो. विंडोजच्या नव्या यंत्रांत साठवण अनेकदा आपोआप कुलूपबंद झालेली असते. मुख्य पटल बदलले की यंत्र ४८ अंकी पुनर्प्राप्ती-कळ मागते. ती कळ बहुधा यंत्र प्रथम सुरू करताना वापरलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, आणि ते खाते दुकानातून गेलेल्या एखाद्या नोकराच्या नावाने उघडलेले असते. दुरुस्त झालेले यंत्र समोर आणि हिशोब कुलपात, अशी स्थिती त्यामुळे येते. ही कळ आजच कागदावर उतरवून तिजोरीत ठेवावी.

आता त्या अठरा तारखेकडे परत वळू. घाईत असलेला मुलगा मोबाइलवर कंपनीच्या ग्राहक सेवेचा क्रमांक शोधतो आणि वर दिसेल तो क्रमांक लावतो. खरा धोका इथेच असतो. शोधात दिसणारे क्रमांक नेहमी कंपनीचे नसतात. पलीकडचा माणूस गोड बोलतो, यंत्र ‘दुरून तपासण्यासाठी’ मोबाइलवर एक ॲप घ्यायला सांगतो, नोंदणीचे दहा रुपये भरायला सांगतो, आणि पडद्यावर उमटलेला ओटीपी त्यालाही दिसतो. लॅपटॉपचा बिघाड चार-पाच हजारांचा असतो. खात्याला पडलेले छिद्र कितीचे असेल, ते सांगता येत नाही. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने स्वतःच्या हलगर्जीपणाने गोपनीय माहिती दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणून असा प्रसंग ओढवलाच, तर लाज न बाळगता त्याच क्षणी बँकेला आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे. सेवेचा क्रमांक घ्यायचा तो खोक्यावरून, वॉरंटीपत्रावरून किंवा कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच. खरेदीच्याच दिवशी तो वहीत लिहून ठेवावा, शेजारी यंत्राचा अनुक्रमांक लिहावा.

तक्रार नोंदवताना व्यापाऱ्याने आपली जुनी विद्या वापरावी. प्रत्येक संभाषणाची तारीख, वेळ, बोलणाऱ्याचे नाव, तक्रारीचा क्रमांक वहीत उतरवावा. सेवा केंद्रात यंत्र देताना जॉबशीट घ्यावी; तीवर बिघाडाचे वर्णन आणि यंत्राची बाह्य स्थिती लिहून घ्यावी, म्हणजे ‘कोपरा आधीच फुटलेला होता’ असा वाद उद्भवत नाही. फोनवर झालेले बोलणे त्याच दिवशी चार ओळींच्या ई-मेलने कंपनीला कळवावे. यंत्र ऑनलाइन घेतले असेल, तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्या विक्री-मंचाला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचे असते. तेवढ्याने भागले नाही, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग.

या आयोगाच्या बाबतीत दुकानदार कुटुंबाने एक भेद नीट ध्यानात घ्यावा. समजा, त्या अडत दुकानाने एकाच दिवशी एकाच नावाचे दोन लॅपटॉप घेतले. एक पेढीच्या नावाने, दुसरा सनदी लेखापाल परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलीच्या नावाने. पन्नास हजारांच्या यंत्रावर अठरा टक्क्यांनी नऊ हजार रुपये कर. पेढीने आपल्या बिलावरील नऊ हजारांची वजावट घेतली. मुलीच्या बिलावर ती नाही. दिसायला पेढीचा सौदा स्वस्त पडला. दोन्ही यंत्रांत सारखाच दोष निघाला, तर मुलगी निःसंशय ग्राहक ठरते. पेढीला मात्र समोरून आक्षेप येऊ शकतो, कारण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूंचा खरेदीदार ग्राहकाच्या व्याख्येतून वगळला आहे. केवळ स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठी स्वतः वापरलेली वस्तू त्याला अपवाद आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या प्रकरणात हा अपवाद विशद केला आणि २०१९ साली लीलावती रुग्णालयाच्या न्यासाच्या प्रकरणात खरेदीचा मुख्य हेतू पाहावा, असे सांगितले. एकट्याने चालवलेले छोटे दुकान कदाचित या अपवादात बसेल. नोकर-मुनिमांची मोठी पेढी बसणे कठीण.

याचा अर्थ वजावट सोडावी असा नाही. अर्थ इतकाच, की घरच्या यंत्राला कायद्याचा आधार आहे, पेढीच्या यंत्राला कराराचा. म्हणून पेढीसाठी घेताना वाचलेल्या नऊ हजारांतील काही रक्कम जागेवरील सेवेच्या लेखी, वाढीव करारावर खर्च करावी. त्यात वाचवलेला पैसा हंगामाच्या तोंडावर दुपटीने जातो.

मुलीच्या बाबतीत मार्ग बराच सोपा आहे. कंपनीचे कार्यालय बेंगळुरूला असो वा गुरुग्रामला, तक्रारदार जिथे राहतो तिथल्या, म्हणजे बुलढाण्याच्या आयोगात तक्रार दाखल करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील अनिवार्य नाही, ऑनलाइन दाखल करण्याची सोय आहे, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. निकाल शक्यतो तीन महिन्यांत, आणि वस्तूची तपासणी लागल्यास पाच महिन्यांत द्यावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ अधिक लागू शकतो. तेव्हा आयोग हा हाताशी ठेवायचा शेवटचा उपाय समजावा, पहिला नव्हे.

हे सारे महाराष्ट्राला परके नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली, १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, आणि देशाचा पहिला ग्राहक संरक्षण कायदा त्यानंतर, २४ डिसेंबर १९८६ रोजी आला. ग्राहकाला राजा म्हणण्याआधी त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, हा आग्रह या मातीतून निघालेला आहे.

त्या अठरा तारखेच्या दुकानात पुढे काय व्हावे? पेनड्राइव्हवर आदल्या संध्याकाळची प्रत असली, तर ती मुलीच्या लॅपटॉपवर उघडते, विवरण एकोणीस तारखेला भरले जाते, आणि बंद पडलेले यंत्र सावकाश, रीतसर दुरुस्तीला जाते. इतक्या साध्या तयारीने वेळ निभावते.

आणि मग, उसंत मिळाल्यावर, गादीवर बसलेल्या बाबूजींची नजर कदाचित स्वतःच्याच बिलबुकाकडे जाईल. गावातील अनेक दुकानांच्या बिलांवर तळाला बारीक अक्षरांत छापलेले असते, ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. बिल न देणे, तसेच बिलात मुदत लिहिलेली नसताना सदोष माल तीस दिवसांत परत घेण्यास नकार देणे, या दोन्ही गोष्टी आजच्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरतात. कायद्याचे एक वेळ बाजूला ठेवू. ‘आमचा संबंध बिलापुरता’ हे वाक्य आज त्यांना ऐकावे लागले. तेच वाक्य त्यांच्या गल्ल्यावरून कोणा शेतकऱ्याला, कोणा गृहिणीला कधी ऐकावे लागले असेल का, हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे.

जगातील मोठमोठ्या कंपन्या जी सेवा हजारो किलोमीटरवरून देऊ पाहतात आणि अनेकदा देऊ शकत नाहीत, ती गावचा दुकानदार दहा पावलांवरून देऊ शकतो. ‘घेऊन या, पाहून देतो’ एवढे म्हणण्याला कोणतेही कॉल सेंटर लागत नाही. पेढीची पत पिढ्यानुपिढ्या त्याच चार शब्दांवर टिकून आहे.

पुढच्या लक्ष्मीपूजनाला लॅपटॉपवर कुंकवाचे बोट उमटेल, तेव्हा शेजारच्या वहीच्या एका पानावर त्याचा अनुक्रमांक, बिलाची तारीख, वॉरंटीचा प्रकार आणि सेवेचा खरा क्रमांक लिहिलेला असावा. आणि बिलबुकाच्या तळाची ती बारीक ओळ नव्या छपाईत गाळलेली असावी.